चर्चच्या छपरावरचं सोलर आणि गुळाची ढेप

मंडळी, सोलरच्या कामात मी मुरलेला माणूस. पण आज एका जुन्या दगडी चर्चमध्ये माझी पार जिरली.

मी ड्रिल घेऊन सरळ कौलांवर चढलो. ऊन तिथंच चांगलं. तेवढ्यात चर्चचं काम बघणाऱ्या निवृत्त शिक्षिका सुमनबाई खालून ओरडल्या, "ओ पावणं, उतरा खाली! आमच्या आज्यानं चढवलेली कौलं हायत ती. हात लावायचा न्हाय!"

"मग पॅनेल हवेत टांगू काय?"

"मागं हॉलचा स्लॅब हाय की!"

"तिथं सावली येते बाई. दोन पॅनेल जास्त लागतील."

"लागू देत. पैसं हायत."

चहा पिताना मी विचारलं, पैसे आले कुठनं? बाईंनी सांगितलं, त्यांच्यात पीक हाती आल्यावर हंगामाच्या सणाला लोक शेतातला माल चर्चला वाहतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. यंदा कुणीतरी गुळाची ढेप वाहिली. जो बोली जिंकायचा, तो पैसे भरून ढेप परत टेबलावर ठेवायचा. शेजारच्या मुसलमान दुकानदारानंही तसंच केलं. एकच ढेप दिवसभर विकली गेली आणि सोलरचे पैसे जमले!

काम उरकून निघालो, तर बाईंनी तीच ढेप माझ्या हातात ठेवली. "घेतली सगळ्यांनी, न्हेली कुणीच न्हाय. आता तुम्ही न्या."

घरी बायको चहासाठी ती फोडायला निघाली, तर मीच ओरडलो, "हात लावायचा न्हाय!"

खरं सांगा, तुम्ही फोडली असती?