लॅपटॉपवरचं खंडेनवमीचं पाणी

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे विळी, हातोडी, तारा जोडायचं माझं सोल्डरिंग आयर्न आणि आता बाबांचा लॅपटॉप. घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात बाबांचा आवाज गेला. हात थरथरतो, त्यामुळे पेन धरवत नाही, आणि मोबाईलची बटणं बोटाखाली येत नाहीत. मग लॅपटॉपवर एका बोटाने मोठ्या अक्षरांत टाइप करायचं आणि आम्ही वाचायचं, हेच त्यांचं बोलणं. पूजेत पहिला मान त्याचाच असणार.

मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात बाबांनी पूजा उरकून टाकली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि दुसरं फूल तांब्यात बुडवून चांगलं सढळ हाताने पाणी शिंपडलं. दुपारी लॅपटॉप उघडला तर आतला पंखा फिरतोय, बटणं चालतायत आणि स्क्रीन काळीठिक्कर. माझं डोकंच फिरलं. "बाबा, लॅपटॉपला कोणी आंघोळ घालतं का?" त्यांनी हात जोडले. मला की देवाला, कोण जाणे.

मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये काम करते, तेव्हा एवढं कळतं. मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरला आणि आत अक्षरं दिसली, अगदी पुसट. म्हणजे चित्र उमटत होतं, फक्त त्याच्या मागचा उजेड गेला होता. बाबांना म्हटलं, तुम्ही टाइप करा, मी टॉर्चने वाचते. पण आपण काय लिहितोय ते त्यांना स्वतःलाच दिसेना. दोन शब्दांतच चिडले आणि लॅपटॉप मिटून टाकला.

वेळ नेमकी वाईट होती. गाठ परत आली होती. इंदूरच्या डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन सुचवलं होतं आणि सोमवारपर्यंत विचार करून सांगा म्हणाले होते. मी विचारलं की बाबा टाइप करायचे, "बघू." त्यापुढे काही नाही.

त्या संध्याकाळी पुण्याहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, ऑपरेशन करून घ्यायचं ना?" बाबांनी मान हलवली. भाऊ म्हणाला, "ताई, झालं बघ. सोमवारी हो म्हणून सांगून टाक." मला इतकं हायसं वाटलं की मी फोन ठेवून साजूक तुपातला शिरा करायला घेतला.

जेवताना विचारलं, अजून वाढू का? मान हलली. वाढला, तर तसाच पानात राहिला. टीव्ही बंद करू? मान हलली. राहू दे का मग? तरी हलली. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. हा माणूस कशालाही मान हलवत होता, आणि आम्ही तेवढ्यावर त्यांच्या गळ्याचा निर्णय करून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळीच, इंदूरजवळच्या आमच्या गावातल्या टावर चौकात लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "दीदी, पार्ट इंदौर से आएगा, दिवाली के बाद ही समझो." लॅबमधला एक लॅपटॉप घरी होता, तो बाबांपुढे ठेवला. त्याला त्यांनी हातही लावला नाही. स्वतःच्या बंद लॅपटॉपवर पंजा ठेवून बसून राहिले. हट्टीपणात आमच्या घराला तोड नाही. म्हटलं, ठीक आहे, मग मीच उघडते.

जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली. मागचं झाकण काढून सगळ्यात आधी बॅटरीची केबल सोडवली. बाबा टॉर्च धरून शेजारी बसले. उजेड सारखा हलत होता. "अहो बाबा, जरा स्थिर धरा की," मी खेकसले आणि लगेच वाटलं, कुणाला काय सांगतेय मी. त्यांनी टॉर्च दोन्ही हातांत धरला.

बिजागरीजवळ, जिथे स्क्रीनची केबल बोर्डात शिरते, तिथे हिरवट गंज चढला होता आणि त्यात कुंकवाचा लाल कण अडकलेला. शेजारी तांदळाच्या कणीएवढा फ्यूज. मीटर लावला, मीटर गप्प. म्हणजे फ्यूज उडालेला. गंज स्पिरिटने पुसला, भंगाराच्या डब्यातल्या जुन्या बोर्डावरून तसाच फ्यूज उतरवला आणि सोल्डरिंगचा टाका दिला. आता मीटर वाजला. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कित्येक महिन्यांत मारली नव्हती.

बॅटरी जोडली, बटण दाबलं. स्क्रीन उजळली आणि बाबांचा चेहराही. मला रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू.

बाबांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला आणि एक-एक अक्षर दाबत लिहिलं, "आता परत विचार."

मला कळलं होतं. तरी मी विचारलं, "चहा टाकू?"

त्यांनी मान हलवली नाही. लिहिलं, "ते नाही."

बाहेर भाजीवाला ओरडत होता. भाजी घ्यायची म्हणून उठून जावं असं फार वाटलं. पण बाबा स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "बाबा, ऑपरेशन करायचं?"

त्यांचं बोट बटणांवर फिरलं. मग मोठ्या, स्वच्छ, उजळ अक्षरांत उमटलं: "नको." आणि जरा थांबून खाली, "तुझ्या भावाला तू सांग. मला तो मान हलवायला लावतो."