गुरुवारच्या खुर्चीतली चौदा मंडळे

ॲडलेडच्या राज्य रेल्वेच्या वेळापत्रक कचेरीत एकतीस वर्षे नोकरी केलेल्या क्लेम नॅन्किव्हेल यांची एक सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. छापील कागदावरचा रकाना ते कधी रिकामा सोडत नसत. त्या कचेरीत रिकाम्या रकान्याचा कागद दुपारच्या टपालाने परत येई आणि ज्याचा परत येई त्याची पुढे आठवडाभर थट्टा चाले. क्लेम यांचा कागद एकतीस वर्षांत एकदाही परत आला नव्हता.

विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यासकेंद्रात ते प्रथम गेले ते केवळ फलकावरच्या ‘सिलोनचे डोंगरी रेल्वेमार्ग’ या शब्दांमुळे. व्याख्यात्याने तासाभरात गाडीचा उल्लेख दोनदा केला. उरलेला वेळ चहामळ्यांतील मजुरांच्या वंशावळींत गेला. क्लेम यांना त्यातले निम्मेही समजले नाही. तरी शेवटी हात वर करून त्यांनी विचारले, “ही माणसं मळ्यापर्यंत गेली कशी? पायी की गाडीनं?” व्याख्यात्याला उत्तर येईना. पुढच्या गुरुवारी क्लेम पुन्हा आले, आणि मग अकरा वर्षे, तिसऱ्या ओळीतील डावीकडच्या खुर्चीत, टाय बांधून येतच राहिले. त्यांची पत्नी थेल्मा गेल्यापासून आठवड्याचे इतर सहा वार त्यांना एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नसत. गुरुवार तेवढा ओळखू येई.

व्याख्यानानंतर समोशांच्या टेबलापाशी एक अभिप्रायपत्रिका भरावी लागे. तीत नाव विचारलेले नसे. शेवटचा रकाना मात्र असे: ‘आपण कोणत्या संस्थेतर्फे आलात?’ इतर श्रोते तो रिकामाच सोडत. रेल्वे लिहावी तर ती सुटलेली, आणि खोटे लिहिणे क्लेम यांना जमण्यासारखे नव्हते. पुष्कळ विचाराअंती त्यांनी एक नियम ठरवला. आज ऐकलेले ज्या मंडळात जाऊन सांगायचे, त्या मंडळाचे नाव लिहायचे. पंजाबातील कालव्यांच्या दिवशी त्यांनी गुलाब मंडळ लिहिले, नेपाळी गाण्यांच्या दिवशी चर्चचा गायकवृंद, बांगलादेशातील नदीपात्रातल्या बेटांच्या दिवशी हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याचा खेळ खेळणारा बोल्स क्लब. काश्मिरी लोकरीच्या दिवशी त्यांनी थेल्माचे विणकाम मंडळ लिहिले.

या पत्रिकांचे गठ्ठे केंद्राची व्यवस्थापिका पियुमी वीरकून हिच्याकडे जात. ती मूळची कँडीची. वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणे तिला इतक्या वर्षांतही जमले नव्हते. वर्षाअखेरीस ती संस्थांची नावे वेगळी काढून टंकलिखित यादी करी आणि व्याख्यानांना व संशोधकांच्या प्रवासाला अनुदान देणाऱ्या निधीला ती यादी पाठवी. ‘चौदा नागरी संस्थांचा नियमित सहभाग’ हे वाक्य निधीच्या मंडळींना फार आवडे. यंदा त्यांनी कळवले, की पुढील अनुदानापूर्वी आमच्या परीक्षक या संस्थांच्या प्रतिनिधींना भेटतील. भेट समाधानकारक झाली नाही, तर डिसेंबरपासून गुरुवारची व्याख्याने बंद.

क्लेम यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. शनिवारी बोल्स क्लबच्या हिरवळीवर चिटणीस रॉस ट्रेगॅस्किस याने त्यांना गाठले.

“काय रे क्लेम, आपला क्लब बांगलादेशात कधीपासून गेला?”

“म्हणजे?”

“विद्यापीठातल्या एका बाईंचा फोन आला होता. म्हणे, तुमचा क्लब आमचा जुना भागीदार, बेटांच्या कार्यक्रमातला तुमचा अनुभव दोन ओळींत लिहून द्या. मी म्हटलं, बाई, आमचा अनुभव या हिरवळीपासून त्या बिअरच्या टेबलापर्यंत.”

“मग?”

“मग काय, रडायच्या बेतात आल्या. मी म्हटलं, आमच्या क्लेमला विचारतो. कुणाच्याही उपयोगाचे नाहीत असे सगळे विषय त्याला पाठ असतात.”

क्लेम हसले, पण दुसऱ्याच दिवशी चर्चच्या दारात गायकवृंदाच्या बाईंनीही तीच तक्रार केली, आणि सोमवारी गुलाब मंडळाने. तेव्हा ते पुरते गोंधळले. केंद्राला एवढ्या संस्थांचे साहाय्य आहे ही आनंदाची गोष्ट होती. परंतु आपल्याच ओळखीची इतकी माणसे गुरुवारी तिथे येतात आणि अकरा वर्षांत त्यांतले एकही आपल्या दृष्टीस पडू नये? ती मागच्या ओळीत बसत असावीत का? क्लेम यांना थोडे वाईटही वाटले. निदान रॉसने येऊन बोलायला हवे होते.

गुरुवारी ते अर्धा तास आधी गेले आणि मागच्या ओळीवर नजर ठेवता येईल असे दारापाशी उभे राहिले. पियुमी हातात यादी घेऊन त्यांच्याकडेच आली.

“क्लेम अंकल, तुम्ही इथले सगळ्यात जुने. यातली निदान तीन माणसं तरी मला दाखवा हो! निधीच्या बाई चार वाजता येतायत. मी सगळीकडे फोन केले. एकालाही काही आठवत नाही. आणि हे विणकाम मंडळ तर कुठल्या यादीतच सापडत नाही.”

क्लेम यांनी चष्मा लावला आणि ते यादीतल्या शेवटच्या नावावर थांबले.

“ते माझ्या स्वयंपाकघरात भरतं,” ते हळूच म्हणाले.

“काय?”

“भरायचं. थेल्मा गेल्यावर दोघीच उरल्या. बुधवारी चहाला येतात. पियुमी, हे मी लिहिलंय.”

“विणकामाचं?”

“हो. आणि त्याच्या वरचं. आणि त्याच्याही वरचं.”

पियुमीने बोट यादीवरून वर नेत नेत पहिल्या नावावर टेकवले. “चौदाच्या चौदा? अंकल, तुम्ही मला बुडवलंत! तो रकाना रिकामा सोडला असता तर काय बिघडलं असतं?”

“रिकामा?” क्लेम यांनी विचारले. तिचा प्रश्न त्यांना खरोखरच समजला नव्हता.

परीक्षक ॲनेट लिंडनर या ॲडलेडजवळच्या बरोसा खोऱ्यातल्या, उंच आणि वेळेच्या पक्क्या. त्या चारला पाच मिनिटे कमी असतानाच आल्या. पियुमीने काही बोलण्यापूर्वी क्लेम यांनी टाय सारखा केला आणि घडले ते सगळे क्रमवार सांगितले. ॲनेट यांनी पिशवीतून आपला छापील कागद काढला.

“मग संस्थांची संख्या मी किती लिहू? एक की चौदा?”

“शून्य लिहा,” क्लेम म्हणाले. “मी संस्था नाही.”

“शून्य चालत नाही. कागद माझ्याकडेच परत येईल.”

हे ऐकून क्लेम यांना त्यांच्याविषयी मनापासून सहानुभूती वाटली.

“त्या गुलाबवाल्यांना तुम्ही कालव्यांचं खरंच सांगितलंत?” ॲनेट यांनी विचारले.

“वीस मिनिटं. पाचव्या मिनिटाला दोघी झोपल्या.”

“आणि बाकीच्या?”

“त्यांनी विचारलं, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी कोण सोडतं, आणि कधी? मला सांगता आलं नाही. म्हणून पुढच्या गुरुवारी मी ते इथं विचारलं.”

“तो प्रश्न!” पियुमी मध्येच म्हणाली. “लिंडनरबाई, त्याचं उत्तर तर इथंही कुणाला देता आलं नव्हतं. त्यावरच आमची एक संशोधक चार महिने पंजाबात राहून आली. तुमच्याच निधीतून!”

“म्हणजे आमचा निधी गुलाबवाल्यांच्या शंकेवर खर्च झाला?”

“झोपलेल्या दोघी सोडून,” क्लेम यांनी काटेकोरपणे दुरुस्ती केली.

ॲनेट हसल्या की नाही हे क्लेम यांना नीटसे कळले नाही. बाईंनी डाव्या हाताने कागद झाकून रकान्यात काहीतरी लिहिले, कागद पिशवीत ठेवला आणि एक समोसा उचलला. कोणता आकडा लिहिला हे क्लेम यांना त्या दिवशी कळले नाही, आणि पुढेही कधी कळले नाही.

निधीचे पत्र आले तोवर जकारंडाच्या झाडांची जांभळी फुले रस्त्यावर पडून तपकिरी झाली होती. अनुदान तीन वर्षांचे मागितले होते. मंजूर एकच वर्षाचे झाले. का, ते लिहिलेले नव्हते. एक अट होती: केंद्राने आपल्या सल्लागार समितीवर एक नागरी प्रतिनिधी घ्यावा. त्याच गुरुवारी पियुमीने क्लेम यांच्या मांडीवर एक अर्ज आणून ठेवला. नाव, पत्ता, जन्मतारीख त्यांनी सुवाच्य अक्षरांत भरली आणि चौथ्या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबली. ‘आपण कोणत्या संस्थेचे प्रतिनिधी आहात?’

“इथं काय लिहू?” त्यांनी कुजबुजत विचारले.

“तुमचं नाव लिहा, अंकल.”

“ते वर लिहिलंय.”

“मग पुन्हा लिहा.”

हे नियमात बसते की नाही ते त्यांना ठरवता येईना. समोर वक्ता उठला आणि प्रथेप्रमाणे प्रथम इथल्या मूळ रहिवासी कौर्णा लोकांच्या भूमीचे स्मरण करू लागला. तेव्हा क्लेम यांनी चौथ्या रकान्यात लहान अक्षरांत आपले नाव दुसऱ्यांदा लिहिले आणि अर्जाची घडी घातली. कागद दुपारच्या टपालाने परत येईल अशी त्यांना जवळजवळ खात्री होती. मग त्यांनी हळूच मागे वळून पाहिले. मागची ओळ नेहमीसारखी रिकामी होती. फक्त दारालगतच्या खुर्चीत रॉस ट्रेगॅस्किस टोपी मांडीवर घेऊन अवघडून बसला होता.