दादाच्या झाडांचं पाणी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला माझ्या घरी तांदूळ निवडत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "बेबीताई, या... तुमचे दादा गेले." आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, सांगायला लाज वाटते, "किती पाणी प्यायला तो?" अकोला येईपर्यंत बसमध्ये माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, नुसती धुसफुसत बसले होते. तीन महिने अकोल्याला राहून, त्याच्यामागे हात धुवून लागून, आठच दिवसांपूर्वी मी परतले होते. सांगून सांगून तोंडाला फेस आला होता. एक लिटर, दादा. दिवसाला एक लिटर. चहा, वरण, गोळीसोबतचा घोट, सगळं धरून.

दादा वीज खात्यात लाइनमन होता. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत त्याच्या किडन्यांनी हात टेकले आणि दिवसाआड डायलिसिस मागे लागलं. शरीरातून पाणी बाहेर पडत नाही, म्हणून आत घ्यायचं नाही, एवढी साधी गोष्ट. पण ती अकोल्याच्या मे महिन्यात, कूलरसमोर बसूनही टाळू सुकते तेव्हा, भर दुपारी पाळून दाखवा म्हणावं. वहिनीचं मन लोण्याचं, तिला काही जमणार नाही म्हणून मीच गेले. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं मी. जाताना काचेचं मोजपात्र सोबत नेलं. सकाळी बाटली भरायची, तिच्यावर पट्टी चिकटवलेली, आणि घोटाघोटानं द्यायचं. दादा चूळ भरायला म्हणून पाणी घ्यायचा आणि गिळायचा. मग मी न्हाणीघराच्या दारात उभी राहायला लागले. "बेबी, तू मास्तरीन हायेस का जेलर?" तो विचारायचा. मी म्हणायचे, जेलर समज. त्याला हसू यायचं, मला नाही.

त्याला एकच शौक होता, ऑर्किडचा. अकोल्यात ऑर्किड! लोक हसायचे. मागच्या व्हरांड्यात हिरवी जाळी बांधून त्यानं अकरा झाडं जगवली होती, कोळसा आणि नारळाच्या शेंड्यांत. उन्हाळ्यात त्यांच्यावर दिवसातून चारदा फवारा मारावा लागे. डायलिसिसहून आला की तो पिळून काढल्यासारखा पडून राहायचा, फवारा कोण मारणार? मग कुठलासा व्हिडिओ पाहून त्यानं ठरवलं, झाडं सेमी-हायड्रोवर न्यायची. म्हणजे माती नाही, कोळसा नाही, नुसत्या भाजलेल्या मातीच्या गोळ्या. डब्याला तळापासून बोटभर वर भोक. भोकाच्या खाली पाणी साचून राहतं, गोळ्या ते हळूहळू वर ओढून घेतात. आइस्क्रीमचे पांढरे डबे जमवून त्यानं सोल्डरिंगच्या तापलेल्या कावियानं भोकं पाडली आणि मला बोलावून एक डबा भरून दाखवला. "पाय, जास्तीचं झालं का भोकातून आपोआप भाईर. माह्यापेक्षा हा डबा बरा." त्यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं.

बोलले ते भलतंच. मी वाचून काढलं होतं की हवेत वाढलेली मुळं पाण्यात टिकत नाहीत, ती सडतात. नवं मूळ फुटायला लागलं की मगच ते झाड हलवायचं, एकेक करून, आणि भर उन्हाळ्यात तर नाहीच. हे सगळं त्याला फळ्यावर लिहावं तसं समजावलं. त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या अकरा झाडं धुऊन डब्यांत लावून मोकळा! "अरे बाप्पा, थोडा तरी दम धरायचा!" मी ओरडले. तो गोळ्या दाबत म्हणाला, "दम धराले मले टाइम कुठं हाय वो?" असं काही बोलला की मला आणखीच राग यायचा. पुढे पानं लोळायला लागली, सुरकुतली. "सडली ना मुळं? सांगितलं होतं," असं मी रोज ऐकवायचे. तो डब्याला हात लावू द्यायचा नाही, "मुळं धरून राहिली, हलवू नको."

झाडांना फिल्टरचंच पाणी लागतं हेही मीच सांगितलेलं. बोअरच्या पाण्यातले क्षार गोळ्यांवर चढतात. मग रोज सकाळी लिटरभराचा स्टीलचा जग भरून व्हरांड्यात जायचा. वहिनी भरायची, दादा नेऊन घालायचा. मी बाटलीवरच्या पट्टीकडे पाहत बसायचे. आणि तिकडे डायलिसिसला वजन करताना काटा दर वेळी जास्तच. तिथली मुलगी रागवायची, "काका, दोन दिवसांत साडेतीन किलो? पाणी कमी करा." मी तिच्याशी भांडले, माझं मोजमाप चुकत नाही म्हणून. मग टरबूज बंद केलं. वरण घट्ट केलं. मीठ कुलपात ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी वहिनीवर घसरले, तूच चोरून देतेस म्हणून. ती पोळ्या लाटत राहिली. मान वर केली नाही तिनं.

अंत्यसंस्कार झाले. तिसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात गेले. सडकी मुळं काढून टाकावी, निदान डबे तरी धुऊन ठेवावे म्हणून पहिला डबा पालथा केला. एक थेंब पडला नाही. गोळ्या खडखडीत, कोरड्या. दुसरा केला, तिसरा केला, तेच. मुळं सडलेली नव्हतीच, सुतळीसारखी वाळलेली होती. तहानेनं मरणारं झाड आणि मुळं सडलेलं झाड वरून अगदी सारखंच दिसतं, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, तरी! इतके दिवस एक लिटर पाणी माझ्या डोळ्यांसमोरून रोज त्या व्हरांड्यात जात होतं आणि ते मी एकदाही मोजलं नाही.

मी तशीच तणतणत स्वयंपाकघरात गेले. वहिनी खाली बसून भाजी निवडत होती. "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "पयले आठ दिवस झाडाइलेच देत होते, ताई. मंग एक दिवस म्या पायलं, जग तोंडाले लावून उभे होते. डोये मिटून." मग? "मंग काय? दुसऱ्या दिवसापासून म्या माठातलं भरून द्याले लागली. थंडगार. जगाले भाईरून घाम सुटे. तुमाले दिसला नाई का? झाडाइले काय थंड पाणी लागते?" मी म्हणाले, अगं, त्यानंच गेला असेल तो! तिनं भाजीची दुसरी जुडी पुढे ओढली. मग म्हणाली, "असन. तुमी मोजून देत होत्या. कोनी तरी न मोजता द्याले पायजे का नाई?"

डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, हृदय थकलं होतं, पाण्यानंच गेले असं छातीठोक सांगता येत नाही. म्हणजे रागवायचं कोणावर तेही धड कळू दिलं नाही. दादानं मला फसवलं, वहिनीनं फसवलं, आणि मी मोजपात्र घेऊन फसत राहिले. तडफड होते नुसती. त्याच्याशी भांडायचं आहे अजून, खूप भांडायचं आहे. माझ्या हातून पाणी घेताना जो माणूस जगण्यासाठी पट्टी पाळत होता, तो तिकडे जाऊन पोटभर पीत होता. यातला खरा दादा कोणता, हे कोणाला विचारू? अकरातली तीन झाडं मी अमरावतीला आणली आहेत. जगतील असं वाटत नाही.

अकोल्याहून निघण्याआधी, आठवड्यानं जलदान विधी झाला. आमच्या बौद्धांत पाली गाथा म्हणत असताना घरच्यांनी गेलेल्याच्या नावानं तांब्यातून वाटीत हळूहळू पाणी ओतायचं असतं. दादाचा मुलगा पुण्याहून आला होता, त्यानं धार धरली, मग तांब्या माझ्या हातात दिला. वाटी भरली. ताटात सांडलं. ताट भरलं, सतरंजी भिजायला लागली. विधी सांगणारे गृहस्थ हळूच म्हणाले, "झालं ताई, पुरे." मला ऐकू येत होतं, पण हात थांबत नव्हता. तांब्या रिकामा झाला तेव्हा मागून वहिनीनं दुसरा भरून पुढे केला.