रक्त झालं, आता पोट

कुंभकोणमला बदली होऊन आले, तेव्हा मंडईत एका पालेभाजीवाल्या अम्मांकडे मी पालक मागितला. त्यांनी पालक द्यायचं सोडून माझी खालची पापणी ओढली आणि आत डोकावून पाहिलं. "पांढरीफटक! जिना चढताना धाप लागते ना?"

लागत होती. डॉक्टरांनीही आदल्याच आठवड्यात रक्त कमी असल्याचं सांगून गोळ्या दिल्या होत्या.

अम्मांनी शेवग्याच्या पाल्याची जुडी पुढे केली आणि वर एक लिंबू ठेवलं. "हे पिळल्याशिवाय खाल्लंस, तर पाला पोटात नुसता फिरून येईल." माझ्या मोडक्यातोडक्या तमिळला त्या तोंडावर पदर धरून हसायच्या, पण मी लिंबू नको म्हटलं की जुडीही काढून घ्यायच्या.

गोळ्या चालू होत्या, पालाही चालू होता. तीन महिन्यांनी तपासलं, तर रक्त छान वाढलेलं. मी धावतच अम्मांना सांगायला गेले आणि सवयीने शेवग्याची जुडी उचलली. त्यांनी ती माझ्या हातून काढून मागच्या बाईंना दिली आणि माझ्या पिशवीत केळफूल कोंबलं.

"रक्त झालं. आता पोटाचं बघू. शरीरात खाणारी तोंडं पुष्कळ असतात पोरी, एकालाच किती वाढशील?"

त्या संध्याकाळी केळफूल निवडताना बोटं काळी झाली. या गावात अजून मला कुणी नावाने ओळखत नव्हतं. पण मी काय जेवले हे विचारणारं एक माणूस होतं, आणि भाजी बिघडली तर उद्या त्याला काय सांगायचं, याची मला चक्क धास्ती वाटत होती.