अक्का आणि पीएच.डी. झालेली चेटकीण

माझ्या थोरल्या बहिणीने आजवर बरेच बुवा पळवून लावले आहेत. पीएच.डी. झालेली चेटकीण मात्र एकच.

अक्का लातूरची निवृत्त नर्स. कुठे कोणी अंगारा वाटतोय असं कानावर आलं, की ही पिशवीत पाण्याची बाटली टाकून निघालीच! घराणंच तसं. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा नवस, गंडेदोरे आणि भुतंखेतं एका टोपल्यात भरून गावाबाहेर नेऊन टाकली. (टोपलं चांगलं होतं, ते परत आणलं.)

अशा घरातला मी, नांदेडला बसून चेटकिणींचा अभ्यास करत होतो!

त्याला कारण माझी बायको, सुमन. ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. ती नेहमी म्हणायची, "तुमच्यात कल्पनाच न्हाई हो!" (एका वाढदिवसाला मी तिला कुकरचं रबर दिलं होतं. पण चांगल्या कंपनीचं!) ती गेल्यावर संध्याकाळी घर फार शांत व्हायचं. म्हणून मी एका दूरच्या कॉलेजच्या अद्भुतकथांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं. पास व्हायचं आणि तिच्या फोटोसमोर उभं राहून निकाल वाचायचा, एवढीच इच्छा होती.

शेवटची परीक्षा तोंडी. आपण रचलेल्या जगातला माणूस होऊन बोलायचं. परीक्षक मॅडम त्या जगातली चेटकीण होणार. मधेच भूमिका सोडली की नापास! माझं जग गोदावरीच्या तळाशी होतं. तिथे एक ड्रॅगन राहायचा आणि अर्धापूरची केळी खायचा.

"तो आग ओकत नाही?" मॅडमनी एकदा वर्गात विचारलं होतं.

"नाही मॅडम, त्याला ॲसिडिटी होते."

मॅडमनी चष्मा काढून पुसला.

नेमक्या परीक्षेच्या दिवशी अक्का न कळवता लातूरहून आली. मी चहा दिला, "आत जरा काम आहे" म्हणालो आणि दार लोटून घेतलं. परीक्षा आहे असं सांगितलं नाही. (साठीच्या माणसाला लाज वाटते!)

स्क्रीनवर मॅडम काळा झगा घालून, कपाळाला राख फासून बसल्या होत्या. मागे गुहेचं चित्र. मी हात जोडले.

"माते, तुला शरण आलो आहे! काय अर्पण करू?"

"तुझं सगळ्यात प्रिय असेल ते दे!" मॅडम गरजल्या.

दार धाडकन उघडलं. अक्का मसाल्याचं खोबरं किसता किसता उठून आली होती.

"बाळ्या! कोण हाय ही? काय मागून राहिली तुला?"

काय करणार? भूमिका सोडली तर नापास! मी खोल आवाज काढला. "ज्येष्ठ भगिनी, या गुहेत पाऊल टाकू नकोस!"

"गुहा? आरं, ही तुझी इस्त्रीची खोली हाय!"

"ड्रॅगन तुला गिळून टाकेल!" (केळी खाणारा, पण ते आता कुठे सांगत बसू?)

अक्काने माझं कपाळ चाचपून पाहिलं. ताप नव्हता. मग तर ती जास्तच घाबरली! पदर खोचून ती स्क्रीनकडे वळली.

"लई बघितल्या तुझ्यासारख्या! दुःखातलं माणूस दिसलं की आल्याच! एवढं समजतंय तर सांग, माझ्या मुठीत काय हाय?"

मॅडमना वाटलं, हे मीच रचलेलं पात्र. त्यांचे डोळे चमकले. दोन्ही हात वर करून त्या म्हणाल्या, "तुझ्या मुठीत... तुझ्या भावाचं दुःख आहे!"

 क्षणभर मलाही ते खरंच वाटलं.

"खोबरं हाय!" अक्काने कॅमेऱ्यापुढे मूठ उघडली. "बघ बाळ्या, पहिल्याच प्रश्नाला गळपटली!"

मॅडमही भूमिका सोडायला तयार नव्हत्या. "हे भगिनी, मी साधी चेटकीण नव्हे, डॉक्टर आहे..."

"मागचा बाबाबी सवताला डॉक्टरच म्हणवून घेत होता!" अक्काने सरळ कॉम्प्युटरची पिन उपसली. चेटकीण, गुहा आणि माझी परीक्षा, सगळं एकदम अंधारात!

मी खरं काय ते सांगितलं, तेव्हा अक्का मटकन खाली बसली.

"परीक्षा व्हती? मग आधी सांगायचं की रे! सुमनसाठी?"

"हाव."

 मुठीतलं खोबरं तिने माझ्या हातावर ठेवलं.

निकाल मात्र लागला. 'उत्तीर्ण. ज्येष्ठ भगिनी हे पात्र विलक्षण जिवंत! खोबऱ्याचा प्रसंग आणि शेवटी अचानक होणारा अंधार, दोन्ही अप्रतिम. विद्यार्थ्याची स्वतःची कल्पनाशक्ती मात्र बेताची.'

अक्काला फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणते कशी, "म्हंजे पास मी झाले की!"

मग मी सुमनच्या फोटोसमोर उभा राहिलो. 'उत्तीर्ण' एवढंच मोठ्याने वाचलं. शेवटची ओळ वाचली नाही. ती तिला आधीपासूनच ठाऊक होती!