हिरोशीसाहेबांचा लॅपटॉप

आज खंडेनवमी. सकाळी स्कूटरला हार घालताना झेंडूचा आणि तेलाचा वास एकत्र आला आणि मला हिरोशीसाहेब आठवले.

चाकणच्या आमच्या कंपनीत ते नवीन मशीन बसवायला जपानहून आले होते. त्या खंडेनवमीला आम्ही मशीनला हार घातला, पान्यांना हळदकुंकू लावलं. ते बघून साहेब इतके हरखले, की त्यांनी स्वतःचा लॅपटॉपही पूजेत मांडला.

जेवणं चालू असतानाच मॅनेजर धावत आले. "साहेब, रिपोर्ट लगेच पाठवा! टोकियोहून सारखे फोन येताहेत!"

साहेबांनी लॅपटॉपकडे हात नेला, तर आमचे फिटर शिंदेमामा आडवे आले. "न्हाई साहेब! पूजेला मांडलेलं हत्यार आज उचलायचं न्हाई. उद्या."

मी भीत भीत ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी लॅपटॉपला कमरेत वाकून नमस्कार केला आणि ते पुन्हा जिलेबीकडे वळले.

केवढा भाविक माणूस, असं तेव्हा वाटलं होतं. पुढच्या वर्षी ते मुद्दाम खंडेनवमीलाच आले आणि लॅपटॉपशेजारी त्यांनी दोन्ही फोनही मांडले.

आत्ता माझा मोबाइल पाटावर, झेंडूखाली वाजतोय. बायको म्हणाली, "अहो, ऑफिसचा फोन!"

मी लांबूनच हात जोडले.