पातं नसलेली तलवार

खाडीकाठच्या वस्तीत राउनो काही मोठा माणूस नव्हता. पंधरा गुरं, सातूचं शेत आणि आजोबांची काशाची तलवार, एवढीच मिळकत. पण तलवारीमुळे सरदाराच्या घरी त्याला शेकोटीजवळ बसायला मिळे आणि त्या जागेवर त्याचा फार जीव होता.

दोन वर्षं दक्षिणेचे व्यापारी आले नाहीत. कासं मिळेना, विळे झिजून गेले. शेवटी राउनोने तलवारीचं पातं गुपचूप ओताऱ्याला दिलं आणि विळे करून घेतले. मूठ मात्र ठेवली. ती लाकडाच्या फळीवर बसवून म्यानात सरकवली आणि पूर्वीसारखाच मिरवू लागला. हे फक्त बायकोला, आन्साला, ठाऊक होतं.

त्या शरदात तो आणि मेहुणा हारुल गुरं घेऊन उथळ पाण्यातून येत होते. पलीकडच्या काठच्या चौघांनी भाले रोखून वाट अडवली. हारुलच्या हातात नुसती काठी.

"दाजी, तलवार काढा."

राउनोने मूठ घट्ट धरली आणि खालीच दाबून ठेवली.

"काढा ना, बघताय काय?" असं म्हणत हारुल पुढे झालासुद्धा. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. गुरंही गेली.

वस्तीने राउनोला भेकड ठरवलं. सरदाराने त्याला दारापाशी बसवलं.

"माझ्या भावाला खरं सांगून टाका," आन्सा म्हणाली.

"काय सांगू? नुसती मूठ लावून हिंडत होतो म्हणून? त्यापेक्षा भेकड बरा."

"तुम्हाला बरं. तो रोज मला विचारतो, दाजींनी असं का केलं."

थंडी सरल्यावर राउनो गेला. हारुल डाव्या हाताने कुंपण बांधत होता. राउनोने म्यानातून फळी ओढून त्याच्यापुढे धरली.

हारुलने डाव्या हाताने फळी चाचपून पाहिली. "तेव्हाच सांगितलं असतंत, तर दोघंही पळालो असतो," तो म्हणाला. "तुमच्या कमरेकडे बघून मी पुढे गेलो."

राउनोने कुंपणाचं दुसरं टोक धरलं.

पुढे अकरा वर्षं त्याने हारुलचं शेत नांगरलं. हारुलने कधी नको म्हटलं नाही, की कधी घरात जेवायला बोलावलं नाही. राउनो बांधावर एकटाच भाकर खाई, घराकडे पाठ करून.